चाळीस वर्षांत शंभर सीसीच्या गाडीत नेमके काय बदलले?

कपाशीवाला (दारव्हा तालुका):
आमच्याकडे वडिलांनी घेतलेली कार्ब्युरेटरची (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीची) स्प्लेंडर अजून चालू आहे आणि तिच्या जोडीला नवी घेण्याचा विचार आहे. दोन्ही शेजारी उभ्या केल्या, तर टाकी, लांब सीट, चौकोनी हेडलाइट आणि आडवे इंजिन पाहून मधली वर्षे गेलीच नाहीत असे वाटते. ही रचना सोयीची होती म्हणून टिकली, की बदलण्याची कोणाला गरजच वाटली नाही? आणि फवारणीचा पंप बांधून पांदण रस्त्याने जाणाऱ्याला नव्या बदलांपैकी कोणते खरोखर उपयोगी पडतात?

निवृत्त निदेशक (यवतमाळ):
या रचनेचे मूळ स्प्लेंडरच्याही आधीचे आहे. होंडाने १९५८ साली सुपर कब ही छोटी दुचाकी काढली तेव्हा सिलिंडर जवळजवळ आडवा ठेवला होता, आणि तीच मांडणी १९८५ च्या हिरो होंडा सीडी १०० मार्गे १९९४ च्या स्प्लेंडरमध्ये आली. ५० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ४९.५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे ९७.२ सीसी, हे माप हिरो आणि होंडा वेगळ्या झाल्यावरही कायम राहिले. सीडी १०० आली त्या सुमारास सुझुकी, यामाहा आणि कावासाकी यांच्या सहकार्याने निघालेल्या शंभर सीसीच्या गाड्या टू-स्ट्रोक होत्या. पळण्यात त्या सरस होत्या, परंतु पेट्रोलसोबत ऑइलही जाळत, आणि जिथे पेट्रोलपंप गाठायलाच पेट्रोल खर्च होते तिथे फोर-स्ट्रोकच्या अ‍ॅव्हरेजपुढे त्यांचा निभाव लागला नाही. आतला मोठा बदल १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ या प्रदूषण निकषांनी घडवला. कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आणि विजेवर चालणारा इंधन पंप आला.

गॅरेजवाला (दिग्रस):
सर म्हणतात तो आडवा सिलिंडर आम्हा मिस्त्री लोकांना फार सोयीचा आहे, कारण टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) एक टोपी वर आणि एक खाली असल्याने टाकी न उतरवता टॅपेट सेट करता येतात. मात्र तो पुढच्या चाकाच्या थेट मागे येत असल्यामुळे पावसाळ्यात आपली काळी माती फिन्समध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांमध्ये) भरते, वाळून घट्ट बसते आणि इंजिन तापू लागते. ती काडीने कोरून काढणे जुन्या गाडीला जितके आवश्यक, तितकेच नव्या गाडीलाही आहे. नव्या गाडीत चोक ओढण्याची कटकट गेली. परंतु भाऊ, एक लक्षात ठेवा, जुनी गाडी बॅटरी पार उतरली तरी किकवर चालू होत असे, नवीत पंपाला आणि इंजेक्टरला वीज लागत असल्याने ती खात्री उरत नाही.

काटेवाडी (कारंजा):
सगळे श्रेय सोयीला देणे मला पटत नाही. १२५ सीसीपर्यंतच्या सर्व नव्या गाड्यांना २०१९ पासून एकत्रित ब्रेक किंवा एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा) सक्तीचे झाले, त्यानंतरच या गाडीचे मागचे पेडल दाबल्यावर पुढचा ब्रेकही लागू लागला. तोपर्यंत दोन माणसे आणि मागे पोते असा भार असूनही कोणाला घाई नव्हती. पांदणीपुरते विचाराल, तर इंजेक्शनपेक्षा अ‍ॅलॉय चाके आणि ट्यूबलेस टायर मला मोलाचे वाटतात, कारण बाभळीचा काटा रुतला तरी हवा हळूहळू जाते आणि गाडी घरापर्यंत येते.