डिंगोला मराठीत ‘रानकुत्रा’ म्हणावे का?

शब्दवेध:
ऑस्ट्रेलियातील वन्यजीवांवरील एका लेखाचे मी मराठीत भाषांतर करत आहे. डिंगो या तिथल्या रानटी कुत्र्यासाठी मी सर्वत्र ‘रानकुत्रा’ हा शब्द योजला होता. परंतु आपल्याकडे रानकुत्रा म्हटले की ताडोब्यात कळपाने शिकार करणारा कोळसुंदाच डोळ्यांसमोर येतो. हा शब्द ठेवावा, की ‘डिंगो’ असेच लिहावे?

रानवाट:
‘रानकुत्रा’ कृपया ठेवू नये. कोळसुंदा हा कुत्रा आणि लांडगा यांच्या प्रजातीतला प्राणी नव्हे. त्याला दात ४०, तर कुत्र्याला आणि डिंगोला ४२, आणि कळपातील सोबत्यांना तो शिट्टीसारखा आवाज काढून बोलावतो. डिंगो हा मात्र माणसांबरोबर समुद्रमार्गे ऑस्ट्रेलियात पोहोचलेल्या आणि पुढे रानात स्वतंत्रपणे वाढलेल्या कुत्र्यांचा वंशज आहे. नल्लरबोर मैदानातील मदुरा गुहेत त्याची सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीची हाडे मिळाली आहेत. टास्मानियात तो गेलाच नाही, कारण ते बेट त्याच्या कितीतरी आधी मुख्य भूमीपासून तुटले होते.

सिडनीवासी:
मला तर शब्दाच्या बाजूनेही ‘रानकुत्रा’ चुकीचा वाटतो. ‘डिंगो’ हा सिडनी परिसरातील धारुग भाषेतला शब्द आहे. १७८८ साली पहिल्या ब्रिटिश ताफ्याबरोबर आलेल्या वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने पुढच्याच वर्षी छापलेल्या वृत्तांतात, येथील लोक आपल्या एकमेव पाळीव प्राण्याला, म्हणजे कुत्र्याला, डिंगो म्हणतात अशी नोंद केली आहे. धारुग लोकांच्या लेखी डिंगो म्हणजे वस्तीवर माणसांजवळ राहणारा कुत्रा. रानात राहणाऱ्याला त्यांच्याकडे ‘वॉरिगल’ असा वेगळा शब्द होता. वसाहतवाल्यांनी वस्तीवरच्या कुत्र्याचे नाव उचलून रानातल्या प्राण्याला दिले आणि ते त्यालाच चिकटले. शिवाय हा एकाच भाषेतला शब्द आहे. गारी (पूर्वीचे फ्रेझर) बेटावरील बुचुल्ला लोक याच प्राण्याला ‘वोंगारी’ म्हणतात.

पुढे मेंढपाळीच्या प्रदेशात हा प्राणी शत्रू ठरला, त्याला अडवण्यासाठी सुमारे ५,६०० किलोमीटर लांबीचे कुंपण उभे राहिले, आणि ऑस्ट्रेलियन इंग्रजीत ‘डिंगो’ ही भित्र्या किंवा दगाबाज माणसाला दिली जाणारी शिवी झाली. ज्यांनी हा शब्द मायेने वापरला, त्यांच्या भाषेबद्दल यामुळे मला फार वाईट वाटते. निदान मराठीत तरी मूळ नाव त्याच्या अर्थासह यावे, अशी माझी विनंती आहे.

शब्दवेध:
दोघांचेही मनापासून आभार. ‘डिंगो’ हेच नाव ठेवतो आणि पहिल्या उल्लेखापाशी धारुग अर्थ व ‘वॉरिगल’ हा शब्द, दोन्ही देतो. अनेकवचन मात्र ‘डिंगो’च ठेवावे ना? ‘डिंगोज’ मला खटकते.

रानवाट:
होय, ‘एक डिंगो, चार डिंगो’. विभक्तीतही ‘डिंगोला’, ‘डिंगोंना’ अशी रूपे सहज होतात.