या महिन्याचं बिल तिप्पट आलंय, मदत हवी आहे (अर्जंट)

वैतागवाडी
नमस्कार मंडळी. या महिन्याचं बिल ६४० डॉलर आलंय. एवढं कधीच येत नव्हतं. घरात आम्ही दोघं आणि एक लहान मुलगा, थर्मोस्टॅट ६८ वर. कस्टमर केअरला फोन केला तर भरपूर गाणी ऐकवून शेवटी बाईंनी "थंडी जास्त होती" एवढंच सांगितलं. कंपनी अवाढव्य आहे, वीज आणि गॅस दोन्ही तिचंच, त्यामुळे सोडून जायचीही सोय नाही. २० तारखेच्या आत भरायचंय. भरू की नको? प्लीज लवकर सांगा. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नकोत.

टीपकागद
राज्य कोणतं? ६४० विजेचे, गॅसचे की दोन्ही मिळून? गेल्या महिन्यात किती थर्म (गॅस मोजायचं एकक) आणि या महिन्यात किती? नुसत्या डॉलरवरून काही कळत नाही, दर वाढला की वापर ते आधी बघा.

वैतागवाडी
मिडवेस्ट. दोन्ही मिळून. थर्मबिर्म माहीत नाही, बिल पाच पानी आहे. माझा प्रश्न साधा आहे, तिप्पट कसं?

सूर्योपासक
सोलर लावा, विषय संपला. आम्ही २०२२ मध्ये पॅनल बसवले (बे एरिया, कॅलिफोर्निया). विजेचं बिल आता नावापुरतं.

टीपकागद
तुम्ही १५ एप्रिल २०२३ च्या आधी लावलेत म्हणून. कॅलिफोर्नियात त्यानंतर अर्ज केलेल्यांना ग्रिडला दिलेल्या विजेचा भाव फारच कमी मिळतो. आणि यांची फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) गॅसवर असेल तर पॅनल तिला काय ऊब देणार?

उष्णपंप
फर्नेसच काढून टाका. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारं यंत्र) एक युनिट वीज घेऊन सहज तीन युनिट उष्णता देतो.

थंडगार
शून्याखाली वीस डिग्रीत देतो का तीन? ऑक्झिलरी स्ट्रिप्स (त्यातल्या जोडीच्या विजेच्या पट्ट्या) पेटल्या की तो निव्वळ विजेचा हीटर होतो. एक थर्म म्हणजे २९.३ युनिट. आपापल्या विजेच्या दराने गुणा आणि मग सल्ले द्या.

उष्णपंप
तुमची माहिती जुनी आहे. कोल्ड क्लायमेट मॉडेल्स बघा जरा.

वैतागवाडी
अहो, माझं बिल!!

परखड
या कंपन्या अशाच. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात 'कॅम्प फायर' नावाच्या वणव्यात ८५ माणसं गेली, तिथली वीज-गॅस कंपनी पीजी अँड ई ने २०२० मध्ये कोर्टात ८४ जणांच्या मृत्यूचा गुन्हा कबूल केला. त्याआधी २०१० ला सॅन ब्रुनोत गॅसची पाईपलाईन फुटून ८ गेले. शेवटी भुर्दंड कोणाला? आपल्यालाच.

मीटरमामा
ते सगळं खरं, पण इथे त्याचा संबंध नाही. बरीच वर्षं युटिलिटीच्या बिलिंगमध्ये काढली आहेत म्हणून सांगतो. गॅस साधारण ज्या भावाने विकत घेतला त्याच भावाने तुमच्या बिलात लागतो, त्यावर कंपनी कमवत नाही. कमाई पाईप, तारा, खांब यांत घातलेल्या भांडवलावर, आणि तो परतावा राज्याचा आयोग मंजूर करतो. म्हणजे दरवाढीवर बोंबलायचं तर 'डिलिव्हरी'च्या ओळीवर बोंबला.
वैतागवाडी, बिलावर रीडिंगच्या शेजारी काय लिहिलंय? एस्टिमेटेड की अ‍ॅक्चुअल? मागच्या बिलांवरही बघा.

सुगरण_परदेशी
आमच्याकडे इंडक्शन घेतल्यापासून स्वयंपाकघर गरमच होत नाही. फुलके मात्र जाळीवरच्यासारखे होत नाहीत.

थंडगार
ताई, शेगडीला लागतो तो गॅस फर्नेसपुढे किरकोळ. त्याने बिल तिप्पट होत नाही.

वैतागवाडी
डिसेंबर एस्टिमेटेड, जानेवारी एस्टिमेटेड, या वेळी अ‍ॅक्चुअल. आधीच्या मालकाचं काय होतं माहीत नाही, घर आम्ही नोव्हेंबरमध्ये घेतलं. काल एक माणूस दारावर आला होता, म्हणाला बिल दाखवा, कमी करून देतो. दाखवू का?

टीपकागद
नोव्हेंबरमध्ये घर घेतलं?? मग "एवढं कधीच येत नव्हतं" म्हणजे दोन बिलं! हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं हो.

थंडगार
त्या माणसाला बिल अजिबात दाखवू नका. तो बाहेरच्या सप्लायरचा (तुमच्या कंपनीच्याच पाईप-तारांतून गॅस-वीज विकणाऱ्या दुसऱ्या कंपनीचा) विक्रेता असणार. बिलावरचा अकाउंट नंबर मिळाला की सप्लाय परस्पर दुसरीकडे वळवल्याची उदाहरणं आहेत.

मीटरमामा
आता उलगडा झाला. गॅस मीटरवर रीडिंग पाठवणारं मॉड्यूल असतं, ते बॅटरीवर चालतं. बॅटरी गेली की रीडिंग येत नाही आणि कंपनी अंदाजाने बिल पाठवते. अंदाज कमी धरला गेला, आता माणूस येऊन खरा आकडा घेऊन गेला आणि सगळा फरक एका बिलात आला.
पण खरी गोम पुढे आहे. ताबा घेताना तुमचं सुरुवातीचं रीडिंग काय धरलंय? तेही अंदाजे असेल तर आधीच्या मालकाने जाळलेला गॅस तुमच्या नावावर पडलाय. होम इन्स्पेक्शनचा रिपोर्ट काढा, त्यात बहुधा मीटरचा फोटो असतो. चार तबकड्या डावीकडून वाचा. काटा दोन आकड्यांच्या मध्ये असेल तर लहान आकडा घ्यायचा. शेजारशेजारच्या तबकड्या उलटसुलट फिरतात, तिथे फसू नका.

वैतागवाडी
मिळाला फोटो! ऑक्टोबरचा आहे. ७३१२. आणि बिलावर आमचं सुरुवातीचं रीडिंग ७१०५, एस्टिमेटेड!

मीटरमामा
झालं तर. इन्स्पेक्शन ताब्याच्या आधीचं, म्हणजे किमान २०७ सीसीएफ (एक सीसीएफ म्हणजे शंभर घनफूट गॅस) तुमचे नाहीतच. तेवढ्या रकमेवर लेखी हरकत घ्या, फोटो जोडा, फोनवर भिस्त ठेवू नका. वाद नसलेली रक्कम २० च्या आत भरून टाका, म्हणजे थकबाकीचं झेंगट मागे लागणार नाही. उरलेल्याचे हप्ते मागा, बहुतेक कंपन्या देतात. ऐकलं नाही तर राज्याच्या आयोगाकडे तक्रार, ती फुकट असते.
आणि एकदा घरातली गॅसवरची सगळी उपकरणं बंद करून मीटरची सगळ्यात छोटी तबकडी पाहा. काटा जागचा हलता कामा नये. हलला किंवा वास आला तर दिव्याच्या बटणालाही हात न लावता बाहेर पडा आणि बाहेरूनच फोन करा.

परखड
म्हणजे कंपनीचीच चूक. मी काय म्हणत होतो!

टीपकागद
तुम्ही सॅन ब्रुनो म्हणत होतात.

वैतागवाडी
काटा स्थिर आहे. बिलावरच्या दराने २०७ चे जवळपास १९० डॉलर होतात. ऑनलाइन हरकत नोंदवली, फोटो चिकटवला, तक्रार क्रमांक आलाय. मॉड्यूल बदलायला बुधवारी माणूस येणार, सकाळी ८ ते संध्याकाळी ५ मध्ये कधीही! मीटरमामा, खूप आभार.

उष्णपंप
तरीही फर्नेस किती जुनी आहे ते सांगा.

नवखी_२
सगळा धागा वाचला, छान माहिती. माझ्याही बिलावर एस्टिमेटेड लिहिलंय, पण ते पाण्याचं आहे. इथेच विचारू की वेगळा धागा काढू?