तिलावा बोट आणि सुभाषबाबूंची पाणबुडी: आजी खरं सांगत होती?

माळ्यावरचा_डबा: आजीचा थोरला भाऊ नोव्हेंबर १९४२ मध्ये मुंबईहून मोंबासाला निघाला, पोचलाच नाही. आजी म्हणायची, "दादाची बोट सुभाषबाबूंच्या पाणबुडीनं बुडवली." आम्ही पोरं हसायचो. परवा त्याचं पोस्टकार्ड सापडलं: "उद्या तिलावा सुटते. लोणच्याची बरणी सुतळीने घट्ट बांधली आहे, काळजी नसावी." कुणाला या बोटीबद्दल माहिती आहे का?

धक्क्यावरचा: आजींचा फक्त क्रम चुकला हो!
तिलावा ब्रिटिश इंडिया कंपनीची, १९२४ ची, दहा हजार टनी. आधी कलकत्त्याहून जपानकडे जायची, मग आफ्रिकेच्या फेऱ्यांवर आली. २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबई सोडली, सोबत संरक्षणाला कुणी नाही. २३ च्या पहाटे आय-२९ या जपानी पाणबुडीनं टॉर्पेडो मारला. एकच गर्दी, होड्यांवर झुंबड. पण बोट लगेच बुडेना, म्हणून काही जण परत वर चढले. तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो आला. वाचताना मला नेहमी इथेच थांबावं लागतं. ९५८ पैकी २८० गेले. बाकीचे दोन दिवस पाण्यावर, मग त्यातले बहुतेक सगळे एचएमएस बर्मिंगहॅम या ब्रिटिश युद्धनौकेनं उचलून २७ तारखेला मुंबईत आणले.
आणि हीच आय-२९ पाच महिन्यांनी, २८ एप्रिल १९४३ ला, मादागास्करजवळ उभी होती. जर्मन पाणबुडी यू-१८० मधून नेताजी रबरी तराफ्यावरून हिच्यातच आले. म्हणजे पाणबुडी तीच, पण तिलावा बुडाली तेव्हा नेताजी जर्मनीत होते.

खारा_वारा: बोटीवर साठ टन चांदी होती, दक्षिण आफ्रिकेच्या नाण्यांसाठी. २०१७ मध्ये २,३६४ लगडी समुद्रतळावरून वर काढल्या, मग काढणाऱ्या कंपनीनं मोबदल्यासाठी खटला केला. २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं दक्षिण आफ्रिकेच्या बाजूनं कौल दिला. लगडी मोजून झाल्या. माणसांसाठी मुंबईत कार्यक्रम व्हायला मात्र २०२२ उजाडलं, ऐंशी वर्षं!

माळ्यावरचा_डबा: धक्क्यावरचा, आभार. दादाआजोबा परत वर चढलेल्यांत होते का, तेच डोक्यात फिरतंय. आईला फोन करून पाणबुडीचं सांगितलं. जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आणि आपण तिच्या तोंडावर हसायचो."