प्रबंध ज्यांच्यावर लिहिला, त्यांना तो वाचता यायला नको का?

माळरान :
माझ्या मावसबहिणीच्या मुलीनं एम.एस्सी. संगणकशास्त्राला सोलापुरी चादरीच्या नक्षीवर प्रकल्प केला. चार महिने ती सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, एका वयस्कर कारागिरांकडे जाऊन बसायची. ते चौकटीच्या कागदावर मोराचा एकेक चौकोन रंगवतात, त्यावरून पुठ्ठ्याची कार्डं पंच होतात आणि नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागावर चढतात. भोक आलं की ताण्याचे, म्हणजे उभे, दोरे उचलले जातात, नाही तिथं खालीच राहतात. प्रकल्प इंग्रजीत. गुण पडल्यावर तिनं तो त्यांना मराठीत सांगितला, तर म्हणाले, "पोरी, इथं चुकलं. तू ताण्याच्या दोऱ्यागणिक कार्ड धरलंस. एक बाणा, म्हणजे एक आडवा दोरा, एक कार्ड." परीक्षकांच्या नजरेतून सुटलेली चूक त्यांनी चहा संपायच्या आत काढली.

म्हणून माझं म्हणणं आहे, कला असो की विज्ञान, प्रत्येक प्रबंधाचा दहा पानी मराठी गोषवारा व्हावा आणि तोंडी परीक्षेच्या आधी तो संबंधित माणसांपुढे वाचला जावा. 2004 साली एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ आपल्याला, सोलापूरला, मिळालं, ते कशासाठी?

पातळथर :
विरोध. मी रसायनशास्त्र शिकवतो. माझ्या शोधनिबंधातली चूक काढू शकणारी माणसं देशोदेशी विखुरलेली आहेत, ती मराठी वाचत नाहीत. तास, पेपर तपासणी, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली यांतून रात्री उरतो तो वेळ संशोधनाचा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या नेमणूक-बढतीसाठी विज्ञानाच्या शोधनिबंधाला 8 गुण, भाषा-सामाजिकशास्त्रांना 10, पुस्तकाच्या भाषांतराला 8. लोकांपुढे वाचून दाखवण्याला त्या तक्त्यात ओळच नाही. आधी ती घाला, मग सक्तीचं बोला. नाहीतर पाट्या टाकल्यासारखे गोषवारे येतील, ते कुणीच वाचणार नाही.

भीमाकाठ :
सर, गुणांचं पटतं, पण हत्तरसंग-कुडलला एकदा जाऊन या. भीमा-सीनेच्या संगमावरच्या त्या देवळातला शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख उजेडात आणला तो आनंद कुंभारांनी. ते प्राध्यापक नव्हते. लेखाच्या शेवटी कोरलंय, 'वाछि तो विजेया होइवा', जो वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी कोरणाऱ्याला वाचणारा हवा होता. आज तोच लेख कपाटातल्या जाड प्रबंधात, सोनेरी अक्षरांच्या पुठ्ठ्याआड बंद राहिला असता तर मला फार वाईट वाटलं असतं.

पूर्वभाग :
दोघांनाही विचारते, मराठीच का? आमच्या घरात तेलुगू. शेजारी कन्नड, पलीकडे दखनी. आपल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडच आहेत ना? माझी आजी मागासाठी सुताच्या कांड्या भरताना जी पदं म्हणायची ती कुणीही उतरवून घेतली नाहीत, ती गेली आणि पदंही गेली. विद्यापीठातला कुणी ती पदं जमवून त्यावर नाटक लिहील, तर ते संशोधन धरणार की 'सांस्कृतिक कार्यक्रम'? गोषवाऱ्याआधी याचं उत्तर द्या. माझ्या मते ते संशोधनच, प्रयोगशाळेतल्या कामाइतकंच.

पातळथर :
नाटकाला माझा विरोध नाही, त्याची कसोटी वेगळी असावी इतकंच. आणि एक मान्य करतो. डाळिंबाच्या तेल्या रोगावरचं काम मराठीत यायलाच पाहिजे, कारण फवारणी शेतकऱ्याला करायची असते आणि चुकली तर बाग त्याची जाते. पण माझ्या पातळ थरांच्या (थिन फिल्म) कामाला ही सक्ती नको, यावर मी ठाम आहे.

माळरान :
सक्ती सरसकट नको, मागे घेतो. ज्यांच्याकडे जाऊन माहिती घेतली, त्यांच्यापुरती तरी हवीच. पूर्वभाग, त्या कारागिरांची बोलीही तेलुगू आहे, मला ते आधी सुचलंच नव्हतं. येत्या रविवारी पोरगी दुरुस्त केलेली पानं घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. तेलुगूत समजावून सांगायला कुणी सोबत येईल का?

पूर्वभाग :
मी येते. चौकटीचा कागदही घेऊन यायला सांगा तिला.