मदत हवी आहे: 'डूम्सडे'साठी दिग्दर्शक बघू की लेखक?

नाशिककर मंडळी, जरा सांगा. डिसेंबर २०२६ मध्ये मार्व्हलचा सुपरहिरो सिनेमा 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे' येतोय आणि कॉलेज रोडवरच्या आमच्या टोळीचे पहिल्या दिवसाच्या पहिल्या शोचे बेत आत्ताच शिजतायत. दिग्दर्शक रूसो बंधू. २०१८चा 'इन्फिनिटी वॉर' आणि २०१९चा 'एंडगेम' त्यांचेच, त्यामुळे पोरं निर्धास्त. पण नंतरचा 'द ग्रे मॅन' लावला आणि मी मोबाईलच चाळत बसले! त्यापेक्षा त्या दोन्ही 'अ‍ॅव्हेंजर्स' सिनेमांचे सहलेखक स्टीफन मॅकफीली परत आलेत, हे मला भरवशाचं वाटतं. जोडीला 'लोकी' मालिकावाले लेखक मायकेल वॉल्ड्रन. त्यांची 'डॉक्टर स्ट्रेंज'च्या 'मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस' सिनेमाची पटकथा मला तरी विस्कळीत वाटली. तुम्ही असे सिनेमे कुणाच्या नावावर जोखता? तिकिटं काढायचं काम माझ्याच गळ्यात आहे, म्हणून विचारतेय.