रक्तवाहिनीला फांदी कशी फुटते, हे बारावीच्या वर्गाला कसे दाखवावे? (मर्यादा 5000 रुपये)

जीवशास्त्र_सोलापूर
नमस्कार. मी सोलापुरात बारावीला जीवशास्त्र शिकवते. प्राणवायू कमी पडलेल्या ऊतीतून वीईजीएफ हे प्रथिन बाहेर पडते आणि त्याच्या दिशेने नवी रक्तवाहिनी वाढते, एवढे मुलांना सांगून झाले आहे. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, की मग वाहिनीच्या भिंतीतील सगळ्याच पेशी तिकडे का धावत नाहीत? तिला उत्तर नुसते सांगायचे नाही, दाखवायचे आहे. मंजूर रक्कम 5000 रुपये आहे. काय घ्यावे?

पार्कचौक
ताई, स्टिरिओ सूक्ष्मदर्शी घ्या. मी 22,000 रुपयांना घेतला आणि एकदाही पश्चात्ताप झाला नाही. कोंबडीच्या गर्भाभोवतीचे वाहिन्यांचे जाळे त्यात इतके स्पष्ट दिसते, की पाहणारा डोळा काढत नाही.

नवीपेठ_07
अंडी घेणार असाल, तर माझा अनुभव आधी वाचा. दुकानातली अंडी बहुधा फलित नसतात. कोंबडा असलेल्या घरूनच गावठी अंडी आणावी लागतात. उबवणी यंत्र 37.5 अंशांवर ठेवले, की तीन-चार दिवसांत उजेडासमोर धरलेल्या अंड्यात लाल धागे दिसू लागतात. मी हा प्रयोग मे महिन्यात केला. खोलीच 40 अंशांपुढे गेली, आणि साधे उबवणी यंत्र तापवू शकते, थंड करू शकत नाही, हे मला तेव्हा उमगले. बाराही गर्भ गेले. त्याचे मला आजही वाईट वाटते. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीत करा.

पार्कचौक
अंडी आणली तरी पाहायला सूक्ष्मदर्शी लागणारच, हे मी वर लिहिलेच आहे.

ऊती_वाचक
आपण सगळे वाहिन्या दाखवण्याविषयी बोलत आहोत. ताईंना एका पेशीने शेजारच्या पेशीला दिलेला निरोप दाखवायचा आहे, आणि तो अंड्यात दिसत नाही. भिंतीतील प्रत्येक पेशीवर वीईजीएफ ओळखणारे ग्राही असतात. ज्या पेशीला तो संकेत शेजारणीपेक्षा थोडा अधिक मिळतो, ती आपल्या पृष्ठभागावर डीएलएल4 हे प्रथिन अधिक उभे करते. ते शेजारणीच्या नॉच या ग्राहीला टेकले, की शेजारीण स्वतःचे वीईजीएफ-ग्राही कमी करते आणि मागे राहून नळी लांबवते. पहिली पेशी अग्रपेशी होऊन पुढे सरकते. वीईजीएफ ऊतीत पसरत येते, पण डीएलएल4 पेशीच्या पटलाला जखडलेले असते, म्हणून त्याची मनाई केवळ अंगाला अंग लागलेल्या पेशीलाच पोचते. नॉच हे नाव फळमाशीच्या पंखाच्या कडेला पडणाऱ्या खाचेवरून आले आहे.

होटगी_रस्ता
मनाई हवीच कशाला? माझ्या वडिलांच्या पायाची मधुमेहाची जखम महिनोनमहिने भरली नाही. जितक्या वाहिन्या फुटतील तितके चांगले, असे मला वाटते.

ऊती_वाचक
आपल्या वडिलांचा त्रास मी समजू शकतो, पण संख्या वाढली म्हणून रक्त पोचतेच असे नाही. उंदरांतील कर्करोगाच्या गाठींमध्ये डीएलएल4 रोखल्यावर वाहिन्यांना अधिक फांद्या फुटल्या, पण त्यांतून रक्त नीट वाहिना आणि गाठीची वाढ मंदावली; हे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर भलत्या वाहिन्या फुटतात, आणि तेथे वीईजीएफ अडवणारे इंजेक्शन द्यावे लागते.

नवीपेठ_07
हे पटले. तरीही अंडी जानेवारीतच.

जीवशास्त्र_सोलापूर
सर्वांचे आभार. सूक्ष्मदर्शी मर्यादेबाहेर आहे, आणि गर्भ दगावण्याची शक्यता असताना अंडी मी वर्गात आणणार नाही. मुलांनाच मैदानात खांद्याला खांदा लावून ओळीने उभे करीन. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याची पाच ग्राही-पत्रे असतील. समोरून येणाऱ्या चिठ्ठ्या ज्याला अधिक मिळतील, त्याने दोन्ही शेजाऱ्यांच्या खांद्यांवर हात ठेवायचा, आणि हात पडलेल्याने तीन पत्रे खाली टाकायची. ओळीत दूर उभ्या असलेल्याला हात पोचणार नाही, हेच मला त्यांना दाखवायचे आहे.

ऊती_वाचक
एक भर घाला. अग्रपेशीचे स्थान कायमचे नसते. वाढत्या फांदीत मागची पेशी पुढच्या पेशीला ओलांडून टोकाशी येऊ शकते. मध्येच चिठ्ठ्यांची दिशा बदलून पाहा.

जीवशास्त्र_सोलापूर
नक्की करीन. पहिल्या फेरीत प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी मधोमध उभी राहील.