‘माइट’ला मराठीत काय म्हणावे: ऊ, गोचीड, लूत की कोळी?

प्रश्न : घरच्या गिनी पिगच्या पाठीवरचे केस झडले असून कातडीवर खपल्या धरल्या आहेत. पशुवैद्यांनी ‘माइट’चे, म्हणजे एका अतिसूक्ष्म परजीवी किड्याचे, निदान केले, पण घरात कोणी उवा म्हणते, कोणी गोचीड, तर कोणी लूत. यांपैकी नेमका शब्द कोणता?

उत्तर : तिन्ही शब्द अस्सल मराठी आहेत, पण त्यांतला एकही माइटचे नाव नाही. ऊ सहा पायांची असते, केसांत राहते आणि तिच्या लिखा केसाला चिकटलेल्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. गोचीड आठ पायांचा असला तरी रक्त पिऊन टम्म फुगतो व चिमटीत धरता येतो. गिनी पिगला सर्वाधिक छळणारा माइट, म्हणजे ट्रिक्साकॅरस केव्हीए, हाही आठ पायांचाच, मात्र तो सूक्ष्मदर्शकाखालीच नीट ओळखू येतो आणि कातडीत बीळ करून तिथेच अंडी घालतो, त्यामुळे त्या अंड्यांना लिखा म्हणता येत नाही. लूत हे तर जिवाचे नसून रोगाचे नाव आहे: ‘लूत भरलेले कुत्रे’ असे आपण म्हणतो, ‘अंगावर चार लुती दिसल्या’ असे कधी म्हणत नाही. माणसाला याच जातकुळीच्या किड्यामुळे जे होते ती खरूज.

शेतीच्या मराठीत मात्र माइटला ‘कोळी’ हा शब्द पक्का रुळला आहे. मिरची-वांग्यावरचा लाल कोळी शेतकऱ्याला चांगला ठाऊक असतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने माइट हा खरा कोळी नसून त्याचा आठ पायांचा नातलग आहे, शिवाय ‘गिनी पिगला कोळी झाले’ हे वाक्य घरात कोणालाच उमगणार नाही. म्हणून माझे मत असे की रोगाला लूत म्हणावे आणि किड्याला सरळ माइट.

हा आग्रह केवळ शब्दासाठी नाही, कारण घरगुती उपचार नावाच्या मागोमाग येतो. उवा म्हटले की माणसांचे उवांचे औषध चोळले जाते. गोचीड म्हटले की गुरांचे आयव्हरमेक्टिन हे परजीवीनाशक औषध आठवते. त्या 1 टक्का इंजेक्शनचा 1 मिलिलिटर साधारण 50 किलो वजनाच्या जनावरासाठी असतो आणि गिनी पिग जेमतेम किलोभराचा, तेव्हा अंदाजाने दिलेली मात्रा जिवावर बेतू शकते. औषध तेच असले तरी मात्रा वजन करून पशुवैद्यांनीच ठरवावी. अंडी त्याने मरत नसल्यामुळे 7 ते 14 दिवसांनी ते पुन्हा द्यावे लागते. घरी करण्याजोगे काम म्हणजे पिंजऱ्यातील गवत व कापड बदलणे, पिंजरा धुणे आणि सोबतच्या प्रत्येक गिनी पिगलाही उपचार मिळेल असे पाहणे.

पुरवणी प्रश्न : मग गजकर्ण म्हटले तर चालेल का?

उत्तर : नाही. गजकर्ण बुरशीमुळे होते, गिनी पिगमध्ये ते बहुधा नाकाडोळ्यांभोवती सुरू होते आणि माणसालाही लागते. त्यावर आयव्हरमेक्टिनचा काहीही उपयोग होत नाही, म्हणून कातडी खरवडून तपासल्याशिवाय यांपैकी कोणताच शब्द निश्चित मानू नये.